शंका शून्य

आमच्या चंदनाच्या साखरपुड्यात तिच्या मामाचा आहेर सहा दिवस लटकला, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

जयसिंगपुरातल्या त्या कार्यालयात स्टेजच्या बाजूला मोठा पडदा लावलेला होता. हल्ली सगळीकडे असतो. पूर्वी आहेर पाकिटात असायचा, आणि कोण किती पाण्यात आहे हे घरच्यांना पाकिटं फोडल्यावरच कळायचं. आता पाहुणा फोनवर अंगठा टेकवतो आणि पडद्यावर त्याचं नाव उमटतं. रक्कम उमटत नाही, तेवढी लाज अजून शिल्लक आहे. पण पैसे पोचायला किती वेळ लागणार ते मात्र नावापुढं सगळ्या गावाला दिसतं. तत्काळ असेल तर हिरवं, काही तास असतील तर पिवळं, आणि दिवस लागणार असतील तर लाल.

मुलगा सांगलीच्या मगदूमांचा, ऋषभ. त्याच्याकडचे चुलते, आत्या, मित्र, सगळे एकापाठोपाठ एक हिरवे उमटत होते. मग माझ्या नवऱ्यानं अंगठा टेकवला. 'धनपाल आवटी, वधूचे मामा' असं आलं आणि त्यापुढं लाल अक्षरांत 'सहा दिवस'.

"मामा, पैसे चालत निघालेत काय सांगलीला?" ऋषभचा चुलता ओरडला आणि हॉल हसला.

ऋषभची आई माझ्याशेजारीच बसली होती. "असू दे हो," ती म्हणाली, "पैशाचं काय घेऊन बसलाय. मनाचं बघायचं." हे बोलताना तिची नजर पडद्यावरच होती. चंदना स्टेजवर मान खाली घालून बसली होती. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला एवढ्या लांबून दिसल्या.

आता हे वेळेचं प्रकरण काय, ते सांगते. मी निवृत्त होईपर्यंत पतसंस्थेत क्लिअरिंगच्या टेबलावर होते, त्यामुळं मला ते शिकवायला कुणी लागत नाही. लोकांना वाटतं पैसा प्रवास करतो. तो कुठंही जात नाही. एका बँकेत एक आकडा कमी होतो, दुसऱ्या बँकेत वाढतो, एवढंच. वेळ लागतो तो खात्री करायला. चेक म्हणजे नुसती चिठ्ठी होती, 'याला माझ्या खात्यातले एवढे द्या' अशी. ती चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या बँकेनं बघायची, सही जुळवायची, खात्यात तेवढे आहेत का ते पाहायचं, मग हो म्हणायचं. त्यात दिवस जायचे. एनईएफटीचे पैसे गठ्ठ्यानं जायचे. दर अर्ध्या तासाचे सगळ्यांचे व्यवहार गोळा करून बँका आपसात देणं-घेणं वळतं करायच्या आणि उरलेला फरक तेवढा चुकता करायच्या. मोठी रक्कम आरटीजीएसनं एकेक करून जायची, म्हणून ती लवकर पोचायची. आणि फोनवरून पैसे पाठवले की समोरच्याच्या फोनवर लगेच टिंग वाजायचं, पण बँकांचा आपसातला हिशेब नंतर व्हायचा. मधल्या वेळेचा धोका बँका आपल्या अंगावर घ्यायच्या. म्हणजे जिथं वेळ लागत नाही तिथं कुणीतरी धोका उचललेला असतो, हे लक्षात ठेवायचं.

पुढं फसवणुकी इतक्या वाढल्या की हा धोका बँकांना झेपेना. म्हाताऱ्यांना धमकावून, पोरींना भुलवून, अंगठा टेकवायला लावून खाती साफ व्हायची. मग सगळ्या बँकांनी मिळून 'धीर' नावाची व्यवस्था आणली. कल्पना तशी चांगली होती. फोनच्या काचेला कळतं की अंगठा किती जोरानं टेकला, टेकण्याआधी केसभर मागं सरला का, थरथरला का. कॅमेऱ्याला डोळ्याची बाहुली दिसते, हातातल्या घड्याळाला नाडी कळते. पूर्वी ज्या लाखो लोकांनी पैसे पाठवून मागाहून कपाळावर हात मारला, त्यांचे अंगठे त्या क्षणी कसे वागले होते ते यंत्राला शिकवलेलं आहे. तुमचा अंगठा त्यांच्यासारखा वागला की यंत्र म्हणतं, हा माणूस मागं फिरायची शक्यता आहे, याला वेळ देऊ. जेवढी शंका जास्त, तेवढे पैसे जास्त थांबतात, आणि तेवढ्या वेळात ते परत बोलावता येतात. अंगठा अजिबात अडखळला नाही तर पैसे तत्काळ जातात. मग मात्र ते तुम्ही पूर्ण मनानं दिले असं कायदा धरतो, आणि धोका तुमचा.

यंत्र शंका मोजतं, माया मोजत नाही. हे बँकांनी जाहिरातीत शंभरदा सांगितलं. पण आपल्या लोकांना कुठलंही माप मिळालं की ते आधी नात्याला लावून बघतात. महिनाभरात ठरून गेलं की पैसे उशिरा आले म्हणजे देणाऱ्याचं मन नव्हतं. भाऊबीजेची ओवाळणी दोन दिवसांनी पोचली म्हणून बहिणी माहेरी जायच्या बंद झाल्या. आणि ज्याच्याकडं पोत्यानं आहे त्याचा अंगठा कशाला अडखळतोय? ऋषभच्या चुलत्यानं पाच हजार देणं म्हणजे त्यानं सुपारी थुंकण्यासारखं होतं. भाजीवाली चारशे रुपये पाठवताना चारदा विचार करते, तिचे पैसे पिवळे.

धनपालचं तर विचारूच नका. मार्केट यार्डाच्या दारात त्यांचा वजनकाटा आहे. ट्रक काट्यावर चढला की आकडा नाचतो, आणि तो पुरता थांबल्याशिवाय ते तोंडातून अक्षर काढत नाहीत. ड्रायव्हर शिव्या घालतात, मागं रांग लागते, यांचं आपलं "थांब की जरा" चालू असतं. हाच माणूस घरात दूधवाल्याचे पैसे देतानाही आकडा दोनदा वाचतो. त्यात चंदनाच्या आहेराचे एकवीस हजार म्हणजे आमच्या घरातली मोठी रक्कम, आणि समोर सगळा हॉल बघत होता. सहा दिवस लागले यात नवल ते काय?

चंदना म्हणजे यांच्या धाकट्या बहिणीची, पद्मावतीची मुलगी. बाप आधीच गेलेला. पोरगी सात वर्षांची असताना पद्मावतीला टेम्पोनं उडवलं आणि ती आमच्याकडे आली. आम्हाला मूल नाही, त्यामुळं ती आमचीच झाली. कोर्टानं पद्मावतीच्या मरणाची भरपाई दिली ती मामाच्या नावे, पोरीसाठी. धनपालनी ती ठेवीत टाकली आणि तिला हात लावला नाही. पावसाळ्यात छत गळून स्वयंपाकघरात पातेली मांडायची वेळ आली, तेव्हा मी एकदा विषय काढला होता. "ते पद्मीचं हाय," एवढंच म्हणाले आणि जेवायचे थांबले. त्या ठेवीचे आता अठरा लाख झाले होते आणि लग्नानंतर ते चंदनाला द्यायचे होते. पोरीच्या वाट्याला तिच्या आईचं असं तेवढंच होतं.

साखरपुड्याहून घरी आल्यावर चंदनानं दागिने उतरवून ठेवले. मग म्हणाली, "मामा, लग्नात तुम्ही आहेर पडद्यावर नका करू. रोख देऊन टाका मला हातात."

"का गं?"

"उगीच लोक बोलतात. सासूबाई म्हणत होत्या, सख्ख्या मामाला नाही तर आम्हाला कशाला असेल पोरीचं कौतुक."

धनपाल तिच्याकडं बघत राहिले. ज्या पोरीच्या शाळेच्या बुटांसाठी या माणसानं आपला चष्मा दोन वर्षं बदलला नाही, ती पोरगी त्याला लपून आहेर कर म्हणत होती. मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली. पण तिचं तोंड असं रडवेलं झालं होतं की तेही जमेना.

दुसऱ्या दिवशी धनपाल मला न सांगता सांगलीला गेले आणि अंगठ्याच्या क्लासला नाव घालून आले.

हो, असे क्लास निघालेत. पेढ्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर कुणाल सर म्हणून मिसरूड फुटलेला एक पोरगा तो चालवायचा. पहिल्या दिवशी यांनी फी पाठवली तर ती दोन दिवस लटकली. "काका, फी पोचेल तेव्हा तुम्ही पास," सर म्हणाले आणि वर्ग खदखदून हसला. वर्गात मुलीचं लग्न ठरलेले बाप होते, नवीन जावई होते, एक निवडणुकीला उभा राहणारा होता. शिकवण सोपी होती. आकडा वाचायचा नाही. नाव वाचायचं नाही. श्वास सोडायचा आणि घराची बेल दाबतो तसा अंगठा टेकवायचा. एकमेकांना एकेक रुपया शंभर वेळा, मग दहा रुपये, मग शंभर. छातीत धडधडतं म्हणून डॉक्टर देतात तसली एक पांढरी गोळी, अर्धी, अर्धा तास आधी.

घरी सराव माझ्यावर. मी भाकरी थापत असायचे आणि कट्ट्यावर ठेवलेला माझा फोन टिंग टिंग वाजत राहायचा. साठी ओलांडलेला माणूस जेवणाच्या टेबलाशी ताठ बसून बायकोला एकेक रुपया पाठवतोय.

"अहो, एवढ्या हौसेनं लग्नानंतर कधी काही दिलं नाहीत मला," मी म्हटलं.

"बोलू नको गं. हिरवं आलं बघ. लागोपाठ नऊ!"

मी हसले. तेव्हा हसायलाच येत होतं. मी एकदा एवढं मात्र विचारलं होतं, की आपण खाईत पडू नये म्हणून कुणी कठडा बांधून दिलाय, तो तुम्ही हातानं का उखडताय? त्यावर म्हणाले, "कठडा पोरीच्या सासरच्यांना टोचालाय, मी काय करू?"

लग्नात मामा म्हणून चंदनाला बोहल्यावर घेऊन गेले, मागं उभे राहिले, आणि अक्षता पडल्यावर फोन काढला. या वेळी एक लाख. आम्ही वर्षभर बाजूला टाकलेले. अंगठा टेकला, वर आला. पडद्यावर नाव उमटलं आणि पुढं हिरवं 'तत्काळ'. ऋषभच्या चुलत्यानंच आधी टाळी वाजवली. चंदना बोहल्यावरून उतरून आली आणि नऊवारीचा घोळ सावरत मामाच्या पायाशी वाकली. तिचे डोळे भरले होते. मीही रडले, खोटं कशाला सांगू?

पण त्या टाळीची चटक लागली. आमच्या बस्तीत, म्हणजे देवळात, पर्वाच्या दिवसांत पहिला अभिषेक कुणी करायचा याचे सवाल होतात. बोली लावायची, जास्त बोलणाऱ्याला मान. आमच्या घरातून आजवर कुणी सवाल घेतला नव्हता. त्या वर्षी धनपालनी घेतला आणि सगळ्यांसमोर तत्काळ भरला. पंडितांनी माईकवरून सांगितलं, असं निःशंक दान असावं. काट्यावरचे हमाल उसने मागू लागले, एक लांबचा पाहुणा गाडीच्या हप्त्याला मागू लागला. सगळ्यांना हिरवं. गावात धनपालअण्णा म्हणू लागले. मी बोलले की म्हणायचे, "तुला बघवत न्हाई माझं बरं झालेलं." मला हे फार लागलं. मी आठ दिवस यांच्याशी कामापुरतं बोलले.

लग्नाला तीन महिने झाले आणि एका रविवारी ऋषभ, त्याची आई आणि चंदना जेवायला आले. शेवग्याच्या शेंगांची आमटी झाली, पुरणपोळी झाली. हात धुऊन आल्यावर ऋषभनं विषय काढला. मुलगा गोड बोलायचा. मला एवढं गोड कधीच पचलेलं नाही.

"मामा, विश्रामबागेत फ्लॅट बघितलाय. तिच्या आईचे ते अठरा तुम्ही देणारच आहात. ते आता दिलेत तर बुकिंग करून टाकू."

"चंदनाच्या खात्यात टाकतो की," धनपाल म्हणाले.

"तिच्या टाकले तर ती मला देणार, मग मी बिल्डरला. तिचा अंगठा अजून थांबतो मामा, परवा लाइट बिल दीड दिवस लटकलं. तोवर फ्लॅट जाईल. डायरेक्ट माझ्या खात्यात टाका. करारावर पहिलं नाव तिचंच घालतोय."

"मग कराराची प्रत आधी बघू या," मी म्हटलं.

ऋषभची आई माझ्याकडं बघून हसली. "विश्वास नसेल तर राहू दे हो. आम्ही काय, कुठूनही उभे करू." आणि चंदनाकडं वळून म्हणाली, "बघ गं बाई, तुझं माहेर."

चंदनानं मामाकडं बघितलं. तिला काय हवं होतं ते शब्दांत सांगायची गरज नव्हती. तीन महिने त्या घरात ती 'लाल मामाची भाची' यावरून 'हिरव्या मामाची भाची' यावर आलेली होती, आणि तिथून खाली उतरायची तिची तयारी नव्हती.

मी धनपालना स्वयंपाकघरात बोलावलं. "कागद केल्याशिवाय द्यायचे नाहीत. पद्मावतीचे पैसे आहेत ते."

"मला कळत न्हाई काय?" ते हळू आवाजात म्हणाले. "पण कागद मागितला तर पोरीला त्या घरात खाऊन टाकतील."

"आणि नाही मागितला तर?"

त्यांनी फडताळातली गोळ्यांची पट्टी काढली, एक अख्खी गोळी पाण्याबरोबर घेतली, आणि म्हणाले, "चहा टाक. अर्धा तास जाऊ दे."

चहा झाला. आठवड्याभराच्या गप्पा झाल्या. मग धनपाल टेबलाशी बसले आणि फोन पुढं घेतला. सगळे त्या फोनकडं बघत होते, मी एकटी त्यांच्या डाव्या हाताकडं. तो टेबलाखाली होता आणि त्यानं खुर्चीची कड अशी धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली. उजवा हात मात्र सैल होता. श्वास सोडला, अंगठा टेकला, वर आला. ऋषभच्या खिशात टिंग वाजलं.

"मामा असावा तर असा," ऋषभची आई म्हणाली. चंदना मामाच्या खांद्याला डोकं टेकून हसत होती.

पुढचं लांबवत नाही. सांगण्यासारखं त्यात काही नाही. फ्लॅट घेतला तो ऋषभच्या आईच्या नावावर. चंदनानं विचारलं तर आज करू, उद्या करू. जास्त विचारलं तेव्हा आवाज चढले, आणि एकदा आवाजावर भागलं नाही. वर्ष व्हायच्या आत ती एक बॅग घेऊन आमच्या दारात उभी राहिली. ओठ सुजलेला होता. ऋषभचा फोन आला तो एवढंच सांगायला, की परत पाठवायची घाई करू नका. पैशाचं विचारलं तर म्हणाला, "कसले पैसे? तो तर तुमचा आहेर."

धनपालनी दोन दिवस काटा उघडला नाही. चंदनाच त्यांना समजावत होती. "तुम्ही भोळे आहात मामा. माझ्या लक्षात यायला हवं होतं, मी त्या घरात राहत होते." रात्री त्यांच्या पायाला तेल लावून द्यायची. सुजलेल्या ओठानं त्यांना हसवायची. मला वाटलं, पैसे गेले तर गेले, पोरगी परत मिळाली.

तरी वकिलानं सांगितलं म्हणून आम्ही तिघं बँकेत गेलो. मॅनेजर बाई वयानं लहान होत्या, पण वागायला चांगल्या. त्यांनी त्या रविवारचा व्यवहार काढला आणि पडदा आमच्याकडं वळवला. एक आडवी रेघ होती. खाली लिहिलेलं, 'शंका: शून्य'.

"अशी रेघ मी क्वचित बघते," त्या म्हणाल्या. "माणसाची रेघ थोडी तरी हलतेच."

"पैसे मुलीचे होते, घरासाठी दिले होते," मी म्हटलं. "बक्षीस नव्हतं ते."

"मावशी, मला पटतंय. पण थोडी जरी शंका नोंदली गेली असती ना, तरी वकिलाला म्हणता आलं असतं की पैसे अटीवर दिले होते, मनात धाकधूक होती. पैसे एक दिवस थांबले असते तरी चाललं असतं. हे शून्य आहे. कोर्ट याला निर्भेळ दान म्हणतं. यावर अपील चालत नाही."

"अहो, हे क्लास लावून शिकलेत ते! गोळी घेतली होती यांनी!"

"तसं लेखी दिलंत तर यंत्राला फसवल्याचा गुन्हा काकांवर होतो," बाई म्हणाल्या आणि त्यांनी आम्हाला पाणी मागवलं.

धनपाल पडद्यावरच्या रेघेकडं बघत बसले.

घरी आल्यावर मी चहा ठेवला. चंदना त्यांच्यासमोर जमिनीवर बसली होती, त्यांच्या पायातल्या चपला काढून बाजूला ठेवत. रागावलेली नव्हती. उलट आवाजात माया होती, लहान मुलाशी बोलावं तशी.

"खरंच मामा," ती म्हणाली, "एकदाही वाटलं नाही तुम्हाला? एवढं जरासं?"

"वाटलं होतं," धनपाल म्हणाले.

तिचे हात चपलेवर थांबले.

"वाटलं म्हणजे?"

"त्यानं तुझ्या खात्याला नको म्हटलं तेव्हाच कळलं होतं मला. हा पोरगा पैसे खाणार. तुझ्या मामीनं आत बोलावलं तेव्हा तर खात्रीच झाली." ते सरळ तिच्याकडं बघून बोलत होते. "अंगठ्याला कळू दिलं न्हाई, एवढंच."

मी चहाचं आधण तसंच सोडून दारात आले, पण तोवर उशीर झाला होता.

"माहीत होतं तुम्हाला," चंदना म्हणाली.

"तुझी मान खाली जाऊ नये म्हणून गं..."

"माहीत असून आईचे पैसे दिले. माहीत असून मला त्याच्याबरोबर परत पाठवलं त्या दिवशी. पुरणपोळीचा डबा देऊन." ती उठली. "तुम्हाला कळलं नाही असं वाटत होतं मला. रोज मनाला सांगत होते, माझा मामा भोळा आहे, फसला बिचारा. भोळा असता तर जन्मभर सांभाळलं असतं मी तुम्हाला."

"चंदे, ऐक की."

"टाळ्या हव्या होत्या तुम्हाला."

हे खरं नव्हतं, किंवा निम्मंच खरं होतं. ती मान खाली घालून बसली होती म्हणून हा माणूस त्या पेढ्यांच्या दुकानाचे जिने चढला होता. मला ते ओरडून सांगायचं होतं. पण पोरीचा ओठ अजून पुरता भरला नव्हता, आणि तिच्यासमोर आमच्याकडं बोलायला तोंड कुठं होतं?

तिनं बॅग भरली. कोल्हापुरात मैत्रिणीकडं जाते म्हणाली, नोकरी बघते म्हणाली. मला वाकून नमस्कार केला. मामाच्या समोरून गेली ती भिंतीकडं बघत. मी कोपऱ्यापर्यंत गेले, तिला रिक्षात बसवलं, डबा घे म्हटलं तर नको म्हणाली. त्याला आता सात महिने होऊन गेले. मला फोन येतो. पलीकडून ती विचारते, मामी तब्येत कशी आहे, आणि मामा खोलीत आहेत असं कळलं की फोन ठेवते.

त्या दिवशी रिक्षा गेल्यावर मी घरात आले. धनपाल तिथंच बसून होते. चहा उतू जाऊन शेगडी विझली होती, आणि गॅसचा वास सुटला होता, तरी त्यांना पत्ता नव्हता. मी गॅस बंद करून खिडकी उघडली.

"खोटं बोलायला पायजे होतं काय गं मी?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "यंत्रानं तुमच्यासाठी खोटं सांगून ठेवलंच होतं. तुम्ही नुसतं गप्प बसायचं होतंत. जरा थांबायचं, मग बोलायचं."

त्यांनी मान हलवली. आपला उजवा हात मांडीवर उपडा ठेवला.

"थांबायचं सुचलंच न्हाई," ते म्हणाले. "तिनं विचारलं आणि तोंडातून गेलं."